साडेचौदा सेकंद

या यंत्राची आठवण साडेचौदा सेकंदांची.
त्याहून जास्त ऐकवलं की काचेवर हिरवी अक्षरं येतात:
जागा नाही.
म्हापशाच्या इनास सोजनं लग्नांचा बँड मोडला,
तेव्हा स्कूटर विकून घेतला हा कीबोर्ड.
तेव्हापासून मी वेंगुर्ल्यात चालत फिरतो.

साडेचौदा सेकंदांत मावतं तरी काय?
नवाबागेच्या जेटीवरची बर्फ फोडायची मशीन, सव्वादोन सेकंद.
लिलावात शेवंती खवणेकरणीचं "सातशे, सातशे", तीन.
पुढचा आकडा मी कापून टाकला,
म्हणून ती पट्टी कितीही दाबा,
बांगड्यांचा भाव काही चढत नाही.
काथ्या कुटायच्या दांड्याचा एक घाव, अर्धा सेकंद.
दोन सप्तकं खाली नेला तर रेडीच्या खाणीत सुरुंग उडतो,
तोच वर नेला
तर ओसरीवर कुणीतरी सुपारी कातरतंय.

आणि भिवा आरोंदेकराचा एक धा.

त्याला दोन दुपारी लागल्या.
पंखा बंद, खिडकी बंद,
माइक कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेला,
आणि नेमक्या वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी.
शेवटी पडला एकदाचा.
भिवानं हेडफोन कानाला लावला, चष्मा काढला,
म्हणाला, "माझो हात पेटयेत घातलंस?
मगे मी जेवतलंय कित्यान?"
पुन्हा ऐकलं. तोंड वाकडं.
"ओलो वाजता. कणीक जास्त लागली डाव्या बाजूक."

कोरडा दिवस जानेवारीशिवाय मिळायचा नाही.
तोवर ओला तर ओला.

रात्री मी एकेक ठोका आत सोडत बसलो.
यंत्र एका मात्रेचे शहाण्णव तुकडे करतं
आणि प्रत्येक धा ओढून रेघेवर आणून बसवतं,
शाळेतल्या प्रार्थनेसारखा, हाताचं अंतर राखून.
सगळं बरोबर होतं.
भिवा त्यात कुठेच नव्हता.
भिवाचा धा मागे रेंगाळतो.
किती? मी मोजून पाहिलं: कधी सात तुकडे, कधी अकरा.
मग एकेक धा रेघेवरून हातानं खाली ओढला.
पहाटे साडेतीनला वीज गेली
आणि यंत्र सगळं विसरलं.

(फ्लॉपी होती. उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवतो,
बुरशी लागू नये म्हणून.
तरी बर्फाची मशीन गेलीच.
त्या पट्टीवर आता नुसती खरखर,
तीही वाईट नाही.)

मग कार्तिकातल्या एका जत्रेत भिवाला ताप भरला.
कंपनीचे मालक बापू तुळसकर स्वतः दारात:
"पेटी घेवन चल. वाजयता ना ती आपसूक?"

आपसूक वाजली.
जनरेटर, दोन ट्यूबलाइट, मागे पडदा,
राक्षसपार्टी आली डोळे फिरवत,
पाय उचलला,
आणि उचललेलाच ठेवला.
तो धा ची वाट बघत होता.
माझे सात तुकडे कधीच होऊन गेले होते.
पुढचा धा आला तेव्हा पाय हवेत,
त्याच्या पुढचा आला तेव्हा तो वळत होता,
लोक हसले. मुलं तर फारच.

तेव्हा मी लाल बटण दाबून ते सगळं थांबवलं,
रात्रभर जागून रचलेलं,
आणि एक बोट त्या एका पट्टीवर ठेवून
नुसता त्याच्या पायाकडे बघत बसलो.
पाय पडला. मग मी.
पाय पडला.
मग मी.
पहाटेपर्यंत मानेला रग लागली.
सात की अकरा, कुणी मोजलं नाही.

दोन दिवसांनी भिवा आला, गळ्याला मफलर,
हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी.
बापूंनी सगळं सांगितलं होतं म्हणे.
उघडलं तर कणकेचा गोळा, ताजा भिजवलेला.
"हिच्या डाव्या बाजूक लाव," तो म्हणाला,
आणि चहा न घेताच गेला.

मी थोडी लावली.
सगळ्यात खालच्या पट्टीच्या कडेला, बोटभर.
आवाजात फरक नाही.
मुंग्या मात्र येतात,
सातशेवरून चढतात, खरखरीवरून उतरतात,
आणि मी त्यांना हाकलत नाही.